खांद्यावरची २६ जुलै

वाचकाचे पत्र, थोडक्यात

पत्रलेखिका डोंबिवलीला राहतात. वय ४४, नोकरी फोर्टमधल्या एका कार्यालयात, लोकलचा प्रवास रोजचा. २६ जुलै २००५ रोजी दुपारी त्या नेहमीप्रमाणे घरी निघाल्या आणि शीव सोडल्यावर गाडी थांबली ती हललीच नाही. अंधार पडता पडता त्या इतर प्रवाशांबरोबर कमरेएवढ्या पाण्यातून कुर्ल्यातल्या एका चाळीपर्यंत पोहोचल्या आणि एका अनोळखी कुटुंबाकडे त्यांनी रात्र काढली. जवळ पाणी नव्हते, खायला काही नव्हते, मोबाइल लागत नव्हता. त्या रात्री त्यांनी ठरवले की, पुन्हा असे रिकाम्या हाताने अडकायचे नाही.

तेव्हापासून त्यांच्या पर्समध्ये पाण्याच्या दोन बाटल्या, छत्री आणि रेनकोट, टॉर्च, जास्तीचे सेल, मेणबत्ती, काडेपेटी, कपड्यांचा एक जोड, चपला, औषधांचा डबा, ओआरएसची पाकिटे, खाखरा, चिवडा, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, बँकेचे पासबुक आणि एक कुलूप असते. गेल्या महिन्यात रद्दीवाला घरी आला असताना लेकीने गमतीने ती पर्स त्याच्या काट्याला अडकवली. वजन भरले ५ किलो ४०० ग्रॅम. सगळे हसले. पत्रलेखिकांचा उजवा खांदा मात्र वर्षभर दुखतो आहे. लेक अठरा वर्षांची असून माटुंग्याच्या कॉलेजात यंदाच जाऊ लागली आहे, आणि ती एक वही व मोबाइल घेऊन बाहेर पडते. “आई, फोन असला की सगळे असते,” हे तिचे ठरलेले उत्तर. यजमानांची नोकरी फिरतीची आहे. सासूबाई ७६ वर्षांच्या असून त्यांना रोज रात्री जेवणाआधी इन्शुलिन पत्रलेखिकाच टोचतात. त्यांची विनंती अशी की, मुलीच्या सॅकमध्ये काय काय असलेच पाहिजे याची यादी द्यावी, म्हणजे निदान सदरातले वाचून तरी ती ऐकेल.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मागितलेली यादी मी देणार आहे. परंतु तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर मला असे वाटू लागले आहे की, यादी लिहिण्याआधी आपण दोघींनी त्या रात्रीकडे पुन्हा एकदा नीट पाहावे, कारण तुमची पर्स त्या रात्रीचे उत्तर म्हणून भरली गेली आहे आणि ते उत्तर बरोबर आहे का, हे गेल्या वीस वर्षांत कोणी तपासलेले दिसत नाही.

त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. तुमचे कार्यालय फोर्टात, म्हणजे कुलाब्याच्या अंगाला. तुम्हाला खिडकीतून जो पाऊस दिसत होता तो जुलैतला रोजचाच पाऊस होता, त्यामुळे छत्री घेऊन निघण्यात तुमची काहीही चूक झाली नाही. परंतु कुर्ल्याला आणि त्याच्या पलीकडे काय चालले आहे हे त्या वेळी कोणी तुम्हाला सांगितले असते, तर तुम्ही निघालाच नसता. कार्यालयातच दोन खुर्च्या जोडून, चहा पिऊन, कुरकुरत रात्र काढली असती आणि ती रात्र आज तुमच्या लक्षातही राहिली नसती. त्या दुपारी तुमच्यापाशी कमी पडली ती बातमी. ती कोणत्याही पर्समध्ये मावत नाही.

आता चाळीतल्या त्या घराविषयी. तुम्ही लिहिता की, त्या घरातल्या बाईंनी तुम्हाला कोरडा गाऊन दिला, पिठले-भात वाढला आणि त्यांच्या लँडलाइनवरून तुम्ही डोंबिवलीला शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला. तुम्हाला तारून नेणाऱ्या या तीन गोष्टींपैकी एकही तुमच्या आजच्या पर्समधून निघाली नसती. उलट कमरेएवढ्या पाण्यातून चालताना साडेपाच किलोंचे ओझे सांभाळणे किती अवघड झाले असते याचा विचार करा. खाखरा, कपडे आणि कागद भिजून गेले असते, आणि दुसऱ्या हाताने कोणाचा तरी हात धरायचा असल्यामुळे ती पर्स तुम्ही वाटेतच सोडून दिली असती. म्हणून त्या दिवशी तुम्ही आजची पर्स घेऊन निघाला असता, तरी ती रात्र फारशी वेगळी गेली नसती, असे माझे प्रामाणिक मत आहे. हे ऐकायला बरे वाटणार नाही याची मला जाणीव आहे.

याचा अर्थ लेकीचे म्हणणे बरोबर आहे, असा कृपया काढू नका. तिने तर तिकीट, पैसे, ओळखपत्र, नकाशा, टॉर्च, घड्याळ आणि सगळ्या नातेवाइकांचे नंबर अशी सात जणांची कामे एकट्या मोबाइलवर टाकली आहेत आणि तो कधी आजारी पडणारच नाही, असे ती धरून चालली आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि ठाणे परिसरातली वीज गेली तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या आणि चार्जिंगची सोयही राहिली नाही. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआयचे व्यवहार काही तास अडखळत होते, आणि खिशात नोट नसलेली माणसे त्या दिवशी दुकानदारासमोर ओशाळून उभी होती. पास मोबाइलमध्ये असेल आणि बॅटरी संपली असेल, तर तिकीट तपासनिसाच्या दृष्टीने आपण विनातिकीटच ठरतो, हे वेगळेच. तिला एक साधी परीक्षा द्यायला सांगा: फोन बाजूला ठेवून तुमचा मोबाइल नंबर कागदावर लिहून दाखव. तिला तो आला नाही, तर तिचा युक्तिवाद तिथेच संपतो. अर्थात तिचा नंबर तुम्हालाही पाठ असायला हवा, म्हणून ही परीक्षा दोघींनीही द्यावी.

तुमच्या पत्रातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. मध्यंतरी डब्यात एका मुलीला चक्कर आली तेव्हा तुमच्याकडे ग्लुकोज होते, परंतु ते पर्सच्या तळाशी असल्यामुळे सापडेपर्यंत ठाणे आले आणि तोवर दुसऱ्या कोणी तरी तिच्या तोंडात गोळी घातली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच प्रकार. गर्दीच्या डब्यात एका हाताने, न बघता, काही सेकंदांत जी वस्तू काढता येत नाही ती आपल्याजवळ आहे असे मी तरी मानणार नाही. शिवाय ओझ्याचा त्रास खांद्यापुरताच नाही. शाळकरी मुलांच्या दप्तराचे वजन त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये, असे २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात म्हटले आहे; मोठ्यांसाठी असा नियम कोणी केलेला नाही, पण मोठी माणसे ते दप्तर घेऊन पाऊण-एक तास उभी असतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा पाठीवरच्या सॅक एकमेकींना लागल्या का, याची चर्चा झाली. कारणांबद्दल पुढे वाद झाले. तरी डोंबिवलीच्या गर्दीत सॅक पाठीवर न ठेवता छातीशी घ्यावी, हे लेकीला सांगण्यासाठी त्या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहायला नको. तुमचा खांदा दुखताना हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटे बधिर होत असतील, तर पर्स हलकी करून भागणार नाही, डॉक्टरांना दाखवा.

आता सामानाकडे येते. वस्तू किती असाव्यात यापेक्षा कोणती वस्तू कुठे असावी, हा प्रश्न मला अधिक उपयोगी वाटतो, आणि त्याचे उत्तर आपल्या आज्यांना ठाऊक होते. लांबच्या प्रवासाला निघताना दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या आणि फिरकीचा तांब्या सामानात असे. पण सुपारी, अडकित्ता आणि चार नाणी मात्र कमरेच्या चंचीत असत. गाठोडे हरवले तरी चंची अंगावर राहत असे. तुमच्याही अंगावर, म्हणजे पर्स गेली तरी राहील अशा ठिकाणी, पाचशे रुपये सुट्या नोटांमध्ये आणि प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घडी केलेली एक चिठ्ठी असावी. चिठ्ठीवर नाव, घरच्या दोघांचे नंबर, चालू असलेली औषधे आणि कसली ॲलर्जी असल्यास ती लिहावी. रक्तगट लिहायला हरकत नाही, पण रक्त देण्याआधी रुग्णालय तो स्वतः तपासतेच. औषधांची नावे मात्र त्यांना दुसरीकडून मिळत नाहीत. हीच माहिती मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर दिसेल अशी सोय बहुतेक फोनमध्ये असते, तीही करून घ्यावी. बांगडीत अडकवलेल्या दोन सेफ्टी पिना याच खात्यात मोडतात, आणि त्यांच्याइतकी हलकी व उपयोगी तयारी मला दुसरी माहीत नाही.

पर्समध्ये अर्ध्या लिटरची एक बाटली पुरे. खायला भिजले तरी चालेल असे काही तरी असावे, म्हणजे पाकीटबंद चिक्की किंवा खजूर. चिवडा घरी खावा. छत्री किंवा रेनकोट यांपैकी एक, छोटी पॉवर बँक आणि तिची वायर, सॅनिटरी पॅड, एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी (ऐन पावसात फोन आणि पाकीट तिच्यात जाते), आणि स्वतःच्या गोळ्या दोन दिवस पुरतील इतक्या. गोळ्या डबीत सुट्या ओतून ठेवू नका. पट्टी कापताना नाव आणि मुदतीची तारीख राहील अशा बेताने कापा, नाही तर सहा महिन्यांनी ती पांढरी गोळी कशाची हे तुम्हालाही सांगता येणार नाही. पॉवर बँक फुगलेली दिसली तर त्याच दिवशी वापरातून काढा. ओआरएसचे साधारण २१ ग्रॅमचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामे केले, तर द्रावण दुप्पट तीव्र होते आणि फायद्याऐवजी अपाय होऊ शकतो. पर्ससाठी २०० मिलिलिटरचे छोटे पाकीट घ्या आणि पाकिटावरचे माप वाचूनच ते पाण्यात घाला.

कपड्यांचा जोड, चपला, टॉवेल, ब्रश आणि औषधांची जास्तीची पट्टी यांची जागा कार्यालयातल्या कपाटात आहे. तुमच्या पर्सचे निम्मे वजन इथेच उतरेल, आणि अडकलात तर बहुधा कार्यालयातच अडकाल, हे लक्षात घेता या वस्तू रोज डोंबिवलीला नेऊन परत आणण्यात मला काही अर्थ दिसत नाही. मेणबत्ती, काडेपेटी आणि पासबुक घरी ठेवा. आधार आणि पॅनच्या झेरॉक्स फाडून टाका. पर्स चोरीला गेली तर त्यांचा गैरवापर होण्याची भीती जास्त. डिजिलॉकरमधली कागदपत्रे मूळ कागदपत्रांच्या बरोबरीने ग्राह्य धरली जातात, आणि कुठे प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क केलेले आधार चालते का ते आधी विचारावे. कुलपाचे काय करायचे हे मला खरोखरच सुचले नाही. माझ्याही पर्समध्ये सुई-दोरा गेली अकरा वर्षे आहे आणि तो एकदाच, तोही दुसऱ्या बाईच्या ब्लाउजच्या हुकासाठी, वापरला गेला आहे. त्यामुळे तुमच्या कुलपावर मी फार बोलू नये.

एक वाट तुमच्या डब्यातच आहे आणि ती तुम्ही पाहिलेली दिसत नाही. तुमचा लेडीज डब्यातला ग्रुप आहे, तुम्ही एकत्र भाजी निवडता, संक्रांतीला डब्यात हळदीकुंकू करता, असे तुम्ही लिहिले आहे. मग आठ जणींनी आठ टॉर्च वाहण्यापेक्षा एकीकडे औषधांची पिशवी, दुसरीकडे मोठी पॉवर बँक, तिसरीकडे टॉर्च अशी वाटणी करता येईल. तुम्हाला कुर्ल्यात जे वाचवून गेले ते माणसांचे असणे होते. या माणसांशी तर तुमची रोजची ओळख आहे.

आता ज्या गोष्टीला वजन नाही तिच्याविषयी. घरात एक नियम ठरवा आणि तो लेकीबरोबर बसून ठरवा: गाड्या बंद असतील किंवा आपल्या वाटेवर पाणी भरल्याची खात्रीशीर बातमी असेल, तर त्या दिवशी घरी पोहोचण्याचा हट्ट कोणीही धरायचा नाही. हवामान खात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल त्या दिवशी भरतीची वेळ सकाळीच पाहून ठेवायची आणि आपल्या खिडकीतल्या पावसावरून कुर्ल्याचा अंदाज बांधायचा नाही. माटुंग्याहून निघता आले नाही तर लेकीने कोणाकडे थांबायचे, त्या मैत्रिणीचे घर तुम्ही पाहिले आहे का, तिच्या आईचा नंबर तुमच्याकडे आहे का, हे पावसाळ्याआधी ठरले पाहिजे. गाडी मध्येच थांबली तर रेल्वे कर्मचाऱ्यांनी सांगितल्याशिवाय रुळांवर उतरू नये, कारण शेजारच्या मार्गावर गाडी येऊ शकते आणि डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते. चौकशीसाठी रेल्वेचा १३९ आणि संकटात ११२ हे नंबर तिला पाठ असू देत. रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यातून जाण्याची वेळ आलीच, तर बंद छत्रीचा काठीसारखा उपयोग करून पुढची जमीन चाचपत, कोणाच्या तरी सोबतीने चालावे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर घराच्या वाटेवर उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले. ते रस्त्याला नवखे नव्हते. अशा पाण्यातून चालून आल्यावर, विशेषतः पायाला जखम असेल तर, लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्यातून होणारा ताप) टाळण्यासाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगत असते.

लेकीची सॅक मात्र तुम्ही भरू नका. वरच्या गोष्टींपैकी पैसे, चिठ्ठी आणि पाणी या तीन सक्तीच्या, बाकीच्यांतून तिने स्वतः निवडाव्यात. तिने छत्री नाकारली तर एकदा भिजेल आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने नेईल. तुमची पर्स तिला हास्यास्पद वाटते याचे एक कारण असेही असू शकते की, तिला तिच्यामागची रात्र माहीत नाही. तुम्ही तिला पर्समधल्या वस्तू अनेकदा दाखवल्या असतील. कुर्ल्यातल्या त्या बाईंची गोष्ट सांगितली आहे का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही.

आणि शेवटी, तुमच्या पत्रात ओझरते आलेले एक वाक्य, जे मला सगळ्यांत जास्त खटकले. सासूबाईंना रात्रीचे इन्शुलिन तुम्हीच टोचता आणि यजमान बहुधा गावाला असतात. समजा, उद्या रात्री तुम्ही फोर्टात अडकलात. तुमच्याजवळ टॉर्च आहे, खाखरा आहे, कोरडे कपडे आहेत, आणि डोंबिवलीला ७६ वर्षांची एक बाई घड्याळाकडे पाहत बसली आहे. वीस वर्षे तुम्ही स्वतः अडकण्याची तयारी केलीत, पण आता तुमच्या घरात तुमच्या न पोहोचण्याने अडकणारे माणूस दुसरेच आहे. लेकीला इंजेक्शन देणे शिकवा, आणि तीही बाहेर अडकू शकते म्हणून शेजारच्या एखाद्या विश्वासू व्यक्तीलाही. किती युनिट, कोणत्या वेळी, आणि सासूबाई जेवल्या नाहीत तर काय करायचे, हे डॉक्टरांना विचारून मोठ्या अक्षरांत फ्रिजच्या दारावर लावा. घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर शुद्धीवर असताना तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचे, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची, आणि शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करायचा, हेही त्याच कागदावर असू द्या. घराची जास्तीची किल्ली शेजारी ठेवा.

डॉक्टरांशी बोलून झाल्यावर येत्या रविवारी रात्रीचे इंजेक्शन लेकीने द्यावे. तिचा हात पहिल्यांदा थरथरेल आणि तुम्ही जवळ असलात तर सुई तिच्या हातून काढून घ्याल, म्हणून शेजारच्या वहिनींना तिच्याजवळ बसवा आणि तुम्ही तेवढी पंधरा मिनिटे खाली फिरून या. पर्स घरीच ठेवा.